रिकामी परत गेलेली वाटी

आमच्या विज्ञानाच्या बाईंपुढं ‘आपोआप’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की खडू आलाच, आणि नेम असा की थेट कपाळावर. फळा कुणी पुसला? आपोआप. काचेची नळी कशी फुटली? आपोआप. ‘आपोआप? तुझ्या घरी भाकर आपोआप थापली जाती व्हय गं?’ असं विचारून पुन्हा वर दुसरा खडू.

गाव त्यांना तिखट बाई म्हणायचं. नमस्काराला त्या ‘जय भीम’ म्हणत, तेही ठणकावून. एवढ्या रिकाम्या खोल्या गावात, पण बाईंना एक कुणी दिली नाही. नाही म्हणायचीही हिंमत नाही मेल्यांत. ‘बघू की बाई, पोरगं यायलंय’ म्हणून टोलवायचे. शेवटी त्या जवळच्या हुलसूरला राहिल्या आणि रोज बसनं आल्या.

दहावीच्या पुस्तकात पहिला जीव कसा झाला याला दोन ओळी होत्या. बाई तिथंच अडून बसल्या.

‘दह्याला काय लागतंय?’

‘विरजण.’

‘आणि विरजणाला?’

‘दही, बाई.’

‘मग पहिलं विरजण कुठून आलं?’

जिवाचंही तेच कोडं, बाई म्हणाल्या. डीएनएत सगळी कृती लिहिलेली. ती उतरवून घ्यायला एन्झाइम लागतात, आणि एन्झाइम बनवायला तीच कृती लागते. आधी कोण? मग त्यांनी फळ्यावर एक वाकडी दोरी काढली. ‘हा आरएनए. कृतीची चिठ्ठी हाच, आणि गुंडाळी झाली की एन्झाइमसारखी स्वयंपाकीण पण हाच. दुसऱ्या आरएनएची नक्कल काढणारा आरएनए शास्त्रज्ञांनी बनवलाय. स्वतःची पुरी नक्कल काढणारा बनवायलेत. पहिलं विरजण असंच कायतरी असंल. तुझं, माझं, म्हशीचं, सगळ्यांचं विरजण एकच.’

‘म्हणजे आपोआपच की, बाई,’ मागून कुणीतरी म्हणालं.

खडू. ‘किती काळ डबक्यात जुळलं, मोडलं, चुकलं ते! बिनचूक नक्कल होत राहिली असती तर आपण अजून डबक्यातच असतो.’

त्याच तासाला मी बोलून गेले, ‘बाई, आमचं विरजण बिघडलंय. दही तार सोडायलंय.’ दुसऱ्या दिवशी बाईंनी हुलसूरहून, बसच्या धक्क्यांत सांभाळून, स्टीलच्या वाटीत विरजण आणलं.

‘कुणाच्या घरचं?’ आईनं विचारलं. मी सांगितलं. आईनं वाटी म्हशीच्या घमेल्यात उपडी केली. म्हशीला चाललं बघा! त्या म्हशीचं दूध आम्हाला चाललं! ह्या अकलेला काय म्हणावं, मला आजही कळत नाही.

‘कामून ओतलीस?’

‘आपल्यात चालत न्हाई. असंच चालत आलंय. जा, वाटी घासून टाक.’

घासली. पण आधी आतून बोट फिरवून निपटून घेतलं, चमचाभरसुद्धा नव्हतं, आणि ते कोमट दुधाच्या गाडग्यात ढवळलं. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीनं कापावं. आई खूश. ‘बघ, आपलं विरजण आपोआप सुधारलं.’ माझ्या हातात खडू नव्हता.

आमच्याकडं कुणाची वाटी रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. बाईंची वाटी रिकामी गेली. बाईंनी आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. दही लागलं का, एवढंही विचारलं नाही. सांगायचं माझ्या जिभेवर होतं, पण बाकावर आमच्याच गल्लीतल्या पोरी बसलेल्या. वाटी पिशवीत टाकून बाई पुढच्या धड्याला लागल्या.

वर्षाअखेर त्यांची बदली पार कलबुर्गीच्या पलीकडं झाली. निरोपाला हार, नारळ, भाषणं. ज्यांनी खोली दिली नाही तेच माइक धरून ‘बाई म्हणजे आमच्या घरातल्याच’ म्हणत होते. लाज कशी वाटत नाही माणसांना! बाई थोडंच बोलल्या. ‘रीत आपोआप चालत न्हाई. रोज सकाळी उठून तुम्हीच तिची नक्कल काढता. एखादे दिवशी चुका की.’ टाळ्या मात्र जोरात पडल्या.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या ग्रुपवर बाई गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी माहेरी होते. आई ओसरीवर शेजारच्या दोघींना ताक देत होती. निम्मी गल्ली आमच्याच गाडग्यातलं विरजण नेते, ह्याचा तिला केवढा तोरा! माझं डोकंच सणकलं.

‘ते ताक बाईच्या विरजणाचं हाय,’ मी ओरडले. ‘दहा वर्षं झाली. म्हशीला ओतलीस ना, त्याच वाटीच्या तळाचं.’

एकीनं पेला खाली ठेवला. दुसरी ‘अगं बाई’ म्हणून पदर तोंडाला लावून बसली. आई माझ्याकडं वळली.

‘तवाच कामून सांगितलं न्हाईस?’

‘तू ओतून दिली असतीस म्हणून.’

‘मला सांगायचं न्हाई म्हणायले मी. त्या बाईला. ती तर रिकामी वाटी बघून गेली की गं.’

‘राहून गेलं,’ हे शब्द ओठावर आले, म्हणजे पुन्हा ‘आपोआप’च. बाई असत्या तर खडू आला असता.