बाबांच्या प्लेअरवर न चालणारं गाणं

मंडळी, आज फुलंब्रीला घरी होतो. लकवा मारल्यापासून बाबांचं बोलणं बंद आहे. मोबाईलचा टच त्यांना जमत नाय, म्हणून बटणांचा छोटा व्हिडिओ प्लेअर उशाशी असतो.

त्यात मी बाबांनीच जयंतीला गायलेल्या भीमगीताचा जुना व्हिडिओ टाकला, तर ‘फॉरमॅट चालत नाही’! मी शहाण्यानं फाईलच्या नावातलं एमकेव्ही खोडून प्लेअरला चालणारं एव्हीआय लिहिलं. तरी चालेना.

आई म्हणाली, "नुसती पाटी बदलून काय व्हतंय?"

मग लॅपटॉपवर नीट कन्व्हर्ट केलं. पडद्यावरचे बाबा गायला लागले आणि दुसऱ्या ओळीला खाटेवरच्या बाबांनी सूर धरला! शब्द अर्धेमुर्धे, पण चाल पक्की.

गाणं संपलं. बाबांनी स्वतःच बटण दाबून ते पुन्हा लावलं.

तुमच्याही घरात कुणाचं गाणं असं अडकून पडलंय का?