मालिनीकाकूंचं कुंकू

मालिनीकाकू टिपणीस मूळच्या नागपूरच्या, शिकागोला रक्त तपासायच्या लॅबमध्ये पेशंटचं रक्त काढायच्या कामाला. १९८४ साली तिथे नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, कपाळावरचा तो लाल ठिपका काढा, पेशंट बिचकतात. काकूंनी काढला नाही. नोकरी गेली.

डेव्हन रस्त्यावरच्या देशी बाजारात भाजी घेताना जो भेटे तो सल्ला देई. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," हे तर त्यांच्या यजमानांचं, मोहनकाकांचं, पालुपदच. पण काकू चढल्या. आधी चुकून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात गेल्या, तिथे सगळी घटस्फोटांची नि भाडेकरूंची भांडणं. मग अमेरिकेतच जन्मलेली वकील प्रतिमा भेटली. "काकू, धर्मावरून जॉब घालवला, म्हणजे अख्ख्या देशाचा कायदा मोडला. ही केस फेडरल कोर्टात फाइल करायची. ज्यूरी नाही, एकटा जज ठरवणार. जॉब परत द्या अशी ऑर्डर तो काढू शकतो." काकूंना तेवढंच हवं होतं.

सुनावणीच्या सकाळी मोहनकाकांनी घोळ घातला. "अगं, जजसाहेबांना खटकेल. आजच्या दिवस पुसून जा." घाबरलेल्या काकूंनी ऐकलं. आता काय म्हणावं! नवरा धडधाकट समोर उभा, आणि तोच बायकोला कुंकू पुसायला सांगतोय.

लॅबच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. आज लावलं नाही, तर काही बिघडलं का? मग कामावर काय हरकत होती? काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जजने विचारलं, "आज का नाही लावलं?"

काकूंनी खरं ते सांगितलं. "भीतीने. नोकरी गेली, आता केसही जाईल असं वाटलं. जन्मात पहिल्यांदा पुसलं, आणि सकाळपासून मला रडू येतंय."

जज जरा वेळ लिहीत बसला. "या कोर्टात तशी भीती बाळगायचं कारण नाही," म्हणाला आणि थोडी सुट्टी दिली. काकू परत आल्या त्या ठसठशीत कुंकू लावून.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. नोकरी परत. सोमवारी काकू भांडायच्याच तयारीने लॅबमध्ये शिरल्या. मॅनेजरने मान वर न करता कामाचा ट्रे पुढे सरकवला. पहिलाच पेशंट एक म्हातारा. कपाळाकडे त्याचं लक्षही नव्हतं. बाही वर करत तो कुरकुरला, "होतात कुठे इतके दिवस? त्या दुसऱ्या माणसाने माझ्या हाताची पार चाळणी केली."