लढाई नसताना मारलं तर

नाशिक रोडला मी सकाळच्या वर्गांना कायदा शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. चाचणीचे पेपर तपासायला घेतले आणि डोकंच फिरलं. जवळजवळ सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं : ‘अत्यंत क्रूर गुन्हा म्हणजे मानवतेविरुद्धचा गुन्हा.’ गाइडमधून उचललेलं, छपाईच्या चुकीसकट.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तोंड सोडलं. “क्रूरपणा काय, कुठल्याही खुनात असतो! इथे सामान्य नागरिकांवर मोठ्या प्रमाणावर किंवा पद्धतशीर हल्ला व्हावा लागतो. तीनदा सांगितलंय मी!”

मागून एकजण उठली. चाळिशीची, माहेर सायखेड्याचं, नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. तास संपला की धावत बस गाठायची.

“मॅडम, न्यूरेंबर्गच्या खटल्यात, युद्धाच्या आधी नाझींनी आपल्याच देशातली माणसं मारली होती, त्याचं काय झालं?”

“त्यातलं बहुतेक न्यायालयानं सोडून दिलं. युद्धाशी संबंध दाखवावा लागायचा.”

“मंग लढाई नसताना मारलं तर चालत होतं?”

“चालत नव्हतं हो! पण तो त्या देशाचा घरचा मामला ठरायचा.”

बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. मग उरलेला तास त्यातच गेला. युद्धाची ती अट सुटायला जवळपास पन्नास वर्षं लागली. रवांडातल्या हत्याकांडाच्या खटल्यांसाठी ती ठेवली नाही, पुढे कायमच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारातही नाही.

“आणि आपल्याकडे?” ती उभीच होती.

आपण त्या करारात नाही आणि आपल्या फौजदारी कायद्यात हा गुन्हा वेगळा लिहिलेलाही नाही, हे सांगताना तिच्यापेक्षा मीच जास्त वैतागले.

वार्षिक परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. तिला पंधरापैकी चार. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. तिनं वर्गातल्या त्याच प्रश्नापासून सुरुवात करून, स्वतःच्या शब्दांत, एकेक पायरी नीट मांडली होती; गाइडमधलं वाक्य तेवढं नव्हतं. मी तिला फेरतपासणीचा अर्ज करायला लावला. दोन महिन्यांनी निकाल आला : पाच. मी विद्यापीठाकडे केलेल्या तक्रारीला उत्तर आलं, ‘नियमानुसार कार्यवाही झाली आहे.’

मी पुन्हा पत्र लिहायला बसले, तर ती समोर येऊन उभी.

“जाऊ द्या मॅडम, पास झाले ना. वकिलीच्या सनदेच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला पाहिजे, तुमची सही द्या.”

दिली. पण तिच्यावरही चिडूनच.