अक्कांचं आठाचं गणित

सरसअक्का कुणाचंही बोलणं आठानं भागायच्या. नाचियारकोविल या समयांच्या गावातल्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं, "ही समई एकदा भरली की आठ तास जळते." अक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या, "म्हणजे एक तास." मला हसू आवरेना. समई घेतली मात्र.

यांची कुंभकोणमला बदली झाली आणि मी सांगलीहून कुरकुरतच आले. तमिळचं अक्षर कळत नव्हतं. एके दुपारी शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "कोठल्या गांवच्या तुम्ही? जेवण झालें कां?" मराठी! तीही माझ्या पणजीच्या तोंडची! मला रडूच फुटलं. मराठ्यांच्या राज्यात अक्कांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. अक्का शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. एकुलती मुलगी जया टोरांटोला नोकरीत.

आठाचं मूळ इंटरनेटात होतं. आम्ही दोघींनी शंभरचं कनेक्शन घेतलं आणि माझ्या फोनवर सिनेमा उतरताना सेकंदाला जेमतेम बारा दिसायला लागले. "फसवलं मेल्यांनी!" मी तणतणले.

"फसवणें नव्हे हें," अक्का म्हणाल्या. "ते मेगाबिटांत सांगतात, फोन मेगाबाइटांत दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठानें भागा, साडेबारा. ते तांदळाचे दाणे मोजतात, आपण मापट्यानें घेतों. तांदूळ तेच!"

त्या दिवसापासून तो आमचा खेळच झाला.

मग एका रविवारी फोनवर जया म्हणाली, "आई, तिथं पन्नास मेगाबाइटचा स्पीड मिळाला तर मी तिथूनच काम करीन. सहा महिने राहीन." दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्का कॉफीचा पेला हातात घेऊन माझ्या दारात. "जया येत्ये!"

"आठानं भागा, अक्का," मी चिडवलं. "तीन आठवडे."

त्या हसल्या नाहीत. "पोरीचें बोलणें भागायचें नसतें. गुणायचें."

आणि खरंच गुणलं. पन्नास गुणिले आठ, चारशे. कनेक्शनवाला हबकला. "पाट्टी, एकट्या आजीला चारशे कशाला? आहे त्यात सगळ्या मालिका दिसतात की." अक्कांनी त्याला खणखणीत तमिळमध्ये उभ्या उभ्या बिट आणि बाइट शिकवले. त्यानं मुकाट्यानं जोडून दिलं.

माडीवरची खोली झाडली, खिडकीशी टेबल मांडलं. जयाचं येणं मात्र पुढे पुढेच जात राहिलं. आधी कामाची गर्दी, मग रजेची अडचण, मग आणखी काही. अक्का रोज संध्याकाळी फोन घेऊन माडीवर जायच्या, स्पीड तपासायच्या आणि खिडकीतून मला ओरडून सांगायच्या, "चारशें आहेत हो!" आणि त्या चारशेतून आठवड्याला एक व्हिडिओ कॉल यायचा, तोही घाईतला. मला जयाचा असा राग यायचा!

"किती वाट बघायची, अक्का?"

"येण्यासारखें करून ठेवायचें. पुढचें तिचें."

मार्गशीर्षात एका पहाटे अक्का झोपेतच गेल्या. जया आली. दिवसकार्य आटोपल्यावर ती माडीवरच्या त्या टेबलाशी काम करायला बसली. मी कॉफी घेऊन गेले ती चार शब्द सुनवायचेच या बेतानं. पण तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि नुसता पेला तिच्या हातात दिला.

"वहिनी, आईनं एवढा स्पीड कशाला घेतला हो?"

"पन्नास मेगाबाइट म्हणाली होतीस ना तू?"

"अय्यो, बोलताना आम्ही सगळे तसंच म्हणतो. पन्नास मेगाबिट पुरतात मला." ती एकदम माझ्याकडे वळली. "आधी किती होता?"

"शंभर."

तिनं पेला खाली ठेवला. शंभरात तिचं काम आरामात झालं असतं. ती येईन म्हणाली त्या दिवशीच येण्यासारखं सगळं या घरात होतं.

"एवढी फिजिक्सची बाई! एकदा विचारायचं तरी मला, बिट की बाइट."

"बाकी सगळ्यांना विचारायच्या," मी म्हटलं. "तुझा शब्द त्यांनी कधी तपासला नाही."

जया टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझी नजर खिडकीबाहेर, आमच्या ओट्याकडे गेली. रोज संध्याकाळी मी तिथं उभी राहून वर बघायचे. आता चारशे आहेत की नाहीत, हे मला ओरडून सांगणारं कुणी उरलं नाही.