लेबल बांधलेली पाच ताटं

माझ्या प्लॉटातली ज्वारी इतकी उंच होती, की बीदरची लढाऊ विमानं तिच्यावरून जाताना पाय वर घ्यायची. हे मी नाही, माझी वही सांगायची. वहीतली ज्वारी दर शनिवारी वाढायची. मी रानाकडं फिरकलो नाही, की त्या शनिवारी जरा जास्तच.

शेतकी कॉलेजात त्या काळी प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा मिळायचा. पेरणी आपली, खुरपणी आपली. त्यातल्या ज्वारीची कुठलीही पाच ताटं धरून त्यांना पुठ्ठ्याची लेबलं बांधायची आणि दर आठवड्याला तीच पाच मोजून उंची वहीत मांडायची. शेवटी परीक्षक येणार, तोही तीच पाच मोजणार. जुळलं तर पास. नाही जुळलं तर पुन्हा पेरणीपासून, म्हणजे अख्खं वर्ष गेलं आणि स्कॉलरशिपही गेली.

मैसूर राज्याचं नुकतंच कर्नाटक झालं होतं. परीक्षक लांब दक्षिणेकडचे. त्यांनी जो दिवस धरला तो आमच्या भागात वेळ अमावस्येचा, हे त्यांना कुठून कळणार? त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळे रानात. चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांच्यावर ज्वारीच्या ताटांची खोप उभी करायची आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडत फिरायचं. माणसाच्या आधी पिकाला जेवू घालायचं.

परीक्षक बाराला येणार होते. मी दहालाच निघालो. बेत सोपा होता. पाटाच्या कडेला पाणी पिऊन माजलेली पाच ताटं मी हेरून ठेवली होती. लेबलं सोडायची, तिकडं बांधायची. वहीशी तरी थोडंफार जमलं असतं.

प्लॉटात शिरलो. पहिलं लेबलाचं ताट जागेवर नाही. दुसरं नाही. तिसऱ्याच्या जागी ताजा खुंट. वाकून पुढं सरकलो, तर मधोमध खोप, खोपीत पाच पांढरे दगड, शेजारी आंबिलीचं मडकं, आणि मडक्याला टेकून अप्पा, माझे वडील. आमच्या गावाहून, कमठाण्याहून, टोपलं डोक्यावर घेऊन चालत आलेले. खोपीच्या पाचही ताटांवर माझी लेबलं वाऱ्यानं फडफडत होती.

"ये ये. आपल्या रानातलं उरकून आलो. म्हनलं लेकाचं रान उपाशी कामून ठिवावं?"

"अप्पा, ही ताटं का कापलीत?"

"तूच चिठ्ठ्या बांधून ठिवलास की! मोजून पाच. म्हनलं, पोरगं शिकायला गेलं, पर पांडवाला इसरलं न्हाई."

मी खोपीकडं हात नेला.

"हात लावू नगस. सांज होस्तर हलवायचं न्हाई."

"परीक्षा आहे, अप्पा. आत्ता. चिठ्ठ्या तेवढ्या सोडू द्या."

"कामून? ह्या पांडवाच्याच हायत न्हवं चिठ्ठ्या?"

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. जीप. बाराचे साहेब अकरालाच आले. त्यांच्या मागून आमचे सर उतरले. खोप दिसली आणि सर जागच्या जागी निम्मे झाले.

परीक्षकांनी खोप बघितली, अप्पांना बघितलं, मग माझी वही मागितली. शेवटचा आकडा दोनशे बारा सेंटिमीटर. त्यांनी टेप काढला, खोपीचं एक ताट उभ्या उभ्या मोजलं आणि कानडीत विचारलं, "एष्टु? किती आहे, वाच."

"एकशे अठ्ठेचाळीस."

माझ्या डोक्यात भराभर खोटं शिजायला लागलं. ताट बुडापासून वर कापलंय. खाली मातीत रोवलंय. चौसष्ट सेंटिमीटरला दोन्ही मिळून पुरतील का? मी तोंड उघडलं, "साहेब, खाली बराच खुंट..."

"खुंट हाय की," अप्पा उत्साहानं उठले. लेकाच्या मदतीला! "चला दावतो. कडबा वाया जाऊ नये म्हनून पार बुडातनं घेतलोय. अन् रोवायला चारच बोटं गाडलोय."

अप्पांनी साहेबांना पाची खुंटांवरून फिरवून आणलं. टेप प्रत्येक खुंटाला लागला. चार बोटं मोजली गेली. अप्पा प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून मान डोलवत होते, बघ, कसं जमवलो म्हणून. पाचव्या खुंटाशी साहेबांनी विचारलं, "अण्णा, हे ताट कापण्याआधी तुमच्या कुठपर्यंत येत होतं?"

अप्पांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी आभाळ दाखवलं, उंच सांगा म्हणून. त्यांची मान डोलायची थांबली. वही त्यांना वाचता येत नव्हती. माझं तोंड वाचता येत होतं.

"खांद्याला," ते म्हणाले आणि तळवा खांद्याशी धरून उभे राहिले. बराच वेळ तो हात खाली आला नाही.

साहेबांनी वहीतल्या सगळ्या शनिवारांवर एकच आडवी रेघ मारली. त्यांना आंबील दिली ती त्यांनी उभ्यानं प्यायली, अप्पांना नमस्कार केला आणि मला नापास केलं.

जीप गेल्यावर अप्पांनी वाटी माझ्यापुढं सरकवली. "पी. रानानं खाल्लं, तू बी खा." सांज होईपर्यंत आम्ही दोघं त्या खोपीपाशी बसलो.

पुढच्या वेळ अमावस्येला ते पुन्हा आले. विळा घरी ठेवून, कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन. खोप त्या कडब्याची केली. मग लेबल बांधलेलं पहिलं ताट शोधलं, त्याच्यावर आंबील शिंपडली.

"किती भरलं म्हनतोस?"

"एकशे एक्कावन्न."

ते ताटाला चिकटून उभे राहिले, तळवा शेंड्याला लावला आणि तसाच आपल्या खांद्यापर्यंत आणून बघितला.

"व्हय," म्हणाले, आणि दुसऱ्या ताटाकडं गेले.