धारेचा माणूस

अथेन्सच्या गडावर स्मिक्रोस पाथरवटाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. खांब उभा राहिला, आता त्याच्यावर पन्हळी, म्हणजे वरपासून खालपर्यंत उभ्या खोबणी, कोरायच्या, म्हटलं की त्याचंच नाव निघायचं. जुन्या डोरिक वळणाचा खांब म्हणजे वीस पन्हळी, आणि दोन पन्हळी भिडतात तिथे सुरीसारखी धार. तीस वर्षं तो धारा काढत आला होता. मग नव्या देवळाला आयोनियन खांब आले. पन्हळी चोवीस, आणि मधे धार नाहीच, बोटभर सपाट पट्टी. त्या कामासाठी पारोस बेटावरून निकांदर आला.

मुकादमाने दोघांना शेजारशेजारचे खांब दिले आणि सांगून टाकलं, ज्याचं काम सरस त्याला कोपऱ्यावरचा खांब, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी दिसणारा. तेव्हापासून स्मिक्रोसच्या पोटात दुखायला लागलं. निकांदर बोलायचा लांबवून लांबवून. जेवताना सातूची भाकरी हातात धरून, मान वाकडी करून, स्मिक्रोस बायकोला त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवायचा. मेलित्ता हसून हसून बेजार व्हायची. एकदा हसतानाच तिने विचारलं, "पण खांब कसा आहे हो त्याचा?"

स्मिक्रोसला एकदम ठसका लागला.

खांब देखणा होता, तेच तर दुखणं होतं. स्मिक्रोसची अकरावी पन्हळ चालू असताना शेजारच्या खांबापाशी दोघेतिघे जमले आणि निकांदरची वाहवा करू लागले. स्मिक्रोसची नजर तिकडे, हात इकडे चालूच. आणि त्या हाताला तीस वर्षं एकच गोष्ट ठाऊक. मान वळवून बघतो तर वीतभर पट्टी गायब. तिच्या जागी अशी लखलखीत धार, की डोरिक खांबावर असती तर त्याने गावजेवण घातलं असतं.

त्याने घाईघाईने अंगावरचं वस्त्र तिथे टांगलं. निकांदरने ते पाहिलंच होतं. तो आला, वस्त्र बाजूला केलं, धारेवरून बोट फिरवलं.

"काऽका, कुणाला बोलू नका. तुकडा बसवूऽ. आमच्याकडे सगळेच कधी ना कधी चुकतात होऽ."

दोन दिवस आपलं काम टाकून त्याने खाच घेतली, संगमरवराचा तुकडा बसवला, घासला. सांधा नखालाही लागेना. मुकादमाने दोन्ही खांबांवरून तळवा फिरवला आणि कोपरा स्मिक्रोसला दिला. सगळ्यांआधी पाठ थोपटली ती निकांदरने.

घरी मेलित्ताने आनंदाने मधाची पोळी वाढली. स्मिक्रोसने तिला सगळं खरं सांगितलं आणि पोळीचा तुकडा तसाच हातात धरून बसला.

"मेला कोरतोही चांगला," तो म्हणाला, "आणि माणूसही चांगला. एखाद्याने सोसायचं तरी किती?"