पूर्वेकडे तोंड केलेलं पिंप

आमच्या मुलीने बँकेतली नोकरी सोडून बिअर बनवायला घेतली, तेव्हा इथल्या, कॅनडातल्या व्हिटबीच्या मराठी मंडळींनी मला फोन करून धीर दिला. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे कुणी गेलेलं नाही. तेव्हापासून मंडळींच्या पॉटलक जेवणाला गेले की ताट हातात घेण्याआधी मीच सांगून टाकते, "आमची लेक बिअर करते. आणि झकास करते." लोकांच्या डॉक्टर मुलांचं कौतुक मी इतकी वर्षं ऐकलं, आता त्यांनी माझं ऐकावं.

ती करते ती जुन्या इंग्लिश पद्धतीची बिअर, एल. तिच्यात वरून गॅस भरत नाहीत, ती पिंपातच शेवटपर्यंत मुरत राहते. ते पिंप पबच्या तळघरात आडवं ठेवायचं आणि गाळ खाली बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विरजणाचं भांडं हलवत नाहीत, तसंच. असे पब गावात आता थोडेच उरलेत. त्यातल्या सगळ्यात जुन्या पबच्या मालकाने मार्चमधल्या एका शनिवारी तिचं एक छोटं पिंप लावून बघायचं कबूल केलं. आवडलं तर तो दर महिन्याला घेणार होता, नाहीतर विषय संपला. म्हातारा इंग्लंडहून आलेला, भारी चिकित्सक. ग्लास गढूळ दिसला तर तोंडालाही लावत नाही, असा त्याचा लौकिक.

त्या शनिवारी सकाळी मुलीने आम्हा दोघांना पिंप दाखवायला तळघरात नेलं आणि ती वर मालकाशी बोलायला गेली. यांनी खिशातून कुंकवाची डबी काढली. पिंपाला बोट लावलं, फूल वाहिलं. इथवर मलाही बरं वाटलं. मी जिन्याकडे वळले आणि मागे काहीतरी जड घसरल्याचा आवाज आला.

"तोंड दक्षिणेकडे होतं गं," हे हात झटकत म्हणाले. "पहिलंच शुभकार्य. पूर्वेकडे केलं."

"अहो! दह्याचं पातेलं हलवलं की घर डोक्यावर घेता ना तुम्ही?"

आवाज ऐकून मुलगी धावत खाली आली. "बाबा, नो. नो, नो, नो!" तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबा ते परत जागेवर फिरवायला पुढे झाले, तशी ती मध्ये उभी राहिली. "प्लीज, डोंट टच इट. संध्याकाळपर्यंत सेटल होईल. मेबी." मग माझा हात धरून म्हणाली, "आई, लेट्स वॉक. इथे बसले तर आय विल गो क्रेझी."

म्हणून त्या दिवशी आम्ही गावातले बाकीचे पब पायी पालथे घातले. फुटपाथवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि चिखल, समुद्राएवढ्या तळ्यावरून येणारा बोचरा वारा. पहिल्या पबचं छत इतकं खाली की हे दारातच वाकले. मुलीने मला शिकवलं, ग्लास आधी खिडकीकडे धरायचा, मग वास, मग घोट. मी वास घेतला आणि म्हटलं, "ही आंबून गेली आहे." मुलीने चाखून बघितली आणि काउंटरवरच्या माणसाला ती म्हणाली, "शी इज राइट." त्याने मुकाट्याने ग्लास बदलून दिला. लेकीचं नाक कुणावर गेलंय ते मला तिथे कळलं, आणि यांनाही ऐकवलं.

बंदराजवळच्या पबमधली एल काकवीच्या रंगाची होती, जरा करपट, पण मला आवडली. जिथे जाऊ तिथे लोक मुलीला ओळखत होते. "टुडेज द डे, राइट?" असं विचारत होते. ती हसून मान हलवायची आणि टेबलाखाली माझा हात घट्ट धरायची. ज्या गावात आम्ही नवखे म्हणून आलो, तिथली म्हातारी इंग्रज मंडळी माझ्या पोरीला यश चिंतत होती. माझी छाती कोटात मावेना. हे मात्र समोर जिंजर एल, म्हणजे आल्याचं बिनदारूचं पेय, घेऊन बसले होते. त्याचाही एक घोट घेतला नाही. मी चिडायचं कधीच सोडून दिलं होतं, पण समजूत काय घालणार?

ऊन कलताना आम्ही परत आलो. मालक तळघरात उतरला. पिंपाच्या नळातून त्याने पहिला ग्लास काढला तो गढूळच. तो त्याने ओतून दिला. दुसरा भरून तो वर आला आणि खिडकीपाशी गेला. मुलगी बघतही नव्हती, जमिनीकडे डोळे लावून उभी होती. मी बघितलं. ग्लासातून पलीकडचा रस्ता दिसत होता, मधासारखा स्वच्छ.

म्हाताऱ्याने एक लांब घोट घेतला. मग दुसरा. मग विचारलं, "हू टर्न्ड इट अराउंड? अँड द रेड डॉट?"

हे दाराजवळच खिळले. मुलीने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय डॅड. इट्स हाउ वी बिगिन थिंग्ज."

म्हाताऱ्याने ग्लास रिकामा केला आणि काउंटरवर ठेवला. "नेक्स्ट मंथ, ब्रिंग हिम अलाँग. सेम वे राउंड. बट टेल हिम टू डू इट बिफोर इट सेटल्स."

मुलीने मग एक ग्लास भरून यांच्या हातात दिला. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाने तो आधी खिडकीकडे धरला, वास घेतला, मग घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू आहे," हे म्हणाले. आणि सगळा संपवला.